वाट, ओढा आणि मालकी

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात टायगार्ड नावाचं एक शहर आहे. तिथल्या मुख्य रस्त्यावर नळाच्या आणि विजेच्या सामानाचं एक दुकान होतं आणि त्याच्या जागेच्या कडेने फॅनो क्रीक नावाचा ओढा वाहत होता. मालकीणबाई फ्लॉरेन्स डोलन यांना ९,७०० चौरस फुटांचं दुकान १७,६०० चौरस फुटांपर्यंत वाढवायचं होतं, आवार पक्कं करून ३९ गाड्यांची सोय करायची होती. शहराने परवानगी दिली ती अट घालून. पूररेषेतली जमीन पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यासाठी सोडायची आणि तिला लागून १५ फुटांची पट्टी चालणाऱ्यांना व सायकलवाल्यांना द्यायची. हे सगळं मिळून जागेचा साधारण दहावा हिस्सा होत होता.

वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २४ जून १९९४ रोजी ५ विरुद्ध ४ मतांनी डोलनबाई जिंकल्या. आवार पक्कं केलं की पाणी मुरत नाही, ओढ्याचा लोंढा वाढतो, हे न्यायालयाने नाकारलं नाही. पण त्यासाठी ती जमीन सगळ्यांना खुली का करावी लागते आणि शहराची मागणी होणाऱ्या त्रासाच्या प्रमाणात आहे का, हे शहराला दाखवता आलं नव्हतं. परवानगीच्या बदल्यात सरकारने वाटेल ते मागू नये, हे रास्तच. तरीही एक प्रश्न मागे उरतो. ज्या जमिनीतून इतरांचं पाणी वाहतं आणि इतरांची पावलं जातात, ती जमीन ‘माझी’ म्हणजे नेमकी किती माझी?

इंग्लंडच्या कायद्याने या प्रश्नाला फार समंजसपणे हात घातला आहे. तिथे शेतातून किंवा खासगी आवारातून जाणारी जुनी पायवाट मालकाच्या सोयीसाठी हलवता येते. पण १९८० च्या महामार्ग कायद्यानुसार नवी वाट लोकांना फारशी गैरसोयीची होता कामा नये, आणि ती वाट चालण्यातल्या आनंदावर काय परिणाम होईल हेही तपासावं लागतं. चालणाऱ्याचा आनंद कायद्याच्या कलमात यावा, ही मोठी गोष्ट आहे.

आपल्याकडे धर्मशास्त्राने याच प्रश्नाचा वेगळ्या बाजूने विचार केला. दान आणि उत्सर्ग यांतला फरक धर्मशास्त्राचे अभ्यासक महामहोपाध्याय काणे यांनी नीट उलगडून दाखवला आहे. दानात वस्तू एकाची होती ती दुसऱ्याची होते; देणाऱ्याने ती पुन्हा वापरायची नाही. तळं किंवा विहीर यांचा उत्सर्ग केला की मालकी कुणा एकाकडे जात नाही, ती वस्तू सर्वांची होते. त्या सर्वांमध्ये देणाराही असतो, म्हणून त्यालाही तिथलं पाणी भरता येतं. डोलन खटल्यात दोनच बाजू होत्या, घेणारं शहर आणि गमावणारी मालकीण. सोडल्यानंतरही त्या वाटेवरून आपल्याला चालता येईल, हा विचार तिथे कुठे बसलाच नाही.

अर्थात या ‘सर्वां’चा हिशोबही मागायला हवा. महाडचं चवदार तळं नगरपालिकेने १९२४ मध्येच सर्वांसाठी खुलं केल्याचं जाहीर केलं होतं. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह तिथे जाऊन पाणी प्यावं लागलं, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडलं. कागदावर सर्वांचं असलेलं पाणी प्रत्यक्षात काहींचंच होतं, आणि ते ज्या समाजात घडलं त्याच समाजाच्या शास्त्रात उत्सर्गाची कल्पना होती. ती कल्पना आज वापरायची तर हे विसरून चालणार नाही.

आता देखभालीकडे येऊ, कारण खरी कसोटी तिथेच लागते. भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ सालचा. वरच्या जमिनीवरून नैसर्गिकपणे येणारं पाणी खालच्या मालकाने वाहू द्यावं, असं तो सांगतो. पण ज्याच्या जमिनीवरून दुसऱ्याची वहिवाट आहे, तो त्या दुसऱ्यासाठी स्वतः काही करायला बांधील नाही, असंही २७ वं कलम म्हणतं. अडवू नका, एवढंच. मात्र गृहसंकुलात पावसाचं पाणी मुरवायला केलेला शोषखड्डा नुसतं न अडवल्याने चालत नाही. पहिल्या दोन पावसाळ्यांत त्याच्या तोंडाशी गाळ साचतो, मग पाला आणि दुधाच्या पिशव्या जाळीत अडकतात. बिल्डर केव्हाच निघून गेलेला असतो. मग कुणीतरी वरून पेव्हर ब्लॉक टाकून तिथे गाडी लावतं आणि पाणी शेजारच्या तळघराकडे वळतं.

विष्णुधर्मसूत्रात यासाठी एक फार उपयोगी विचार आहे. विहीर, तळं, बाग किंवा देऊळ जो पुन्हा दुरुस्त करतो, त्याला मूळ बांधणाऱ्याइतकंच फळ मिळतं. गाळ काढणारा आणि पहिली कुदळ मारणारा यांच्यात तिथे उतरंड नाही. ज्याने ओढा बुजवला नाही, पण बुजवलेल्या ओढ्यावरचं घर विकत घेतलं, त्या सदनिकाधारकालाही मग ‘हे माझ्या आधीचं’ म्हणून हात झटकता येत नाहीत. त्याच्या करारनाम्यात पार्किंगचा क्रमांक असतो, तशीच शोषखड्ड्याची जागा, ओढ्याची रेघ आणि दरवर्षी मे महिन्यात गाळ काढण्याची जबाबदारीही लिहिलेली असायला हवी.