मोजपट्टी कुणाची?

राष्ट्रपती आपण निवडत नाही, दोस्तांनो. मांजरीच्या मतदाराला त्यासाठी बटण दाबायला मिळत नाही. घटनेच्या 54 व्या कलमाप्रमाणे ते मत खासदार-आमदारांचं. महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या मताची किंमत 175. तरीही 2017 साली दोन्ही बाजूंनी आपलंच नाव पुढं केलं. सत्ताधारी आघाडीनं रामनाथ कोविंद उभे केले, विरोधकांनी मीरा कुमार. दलितासमोर दलित. मग एकच सवाल उरला: यातलं आपलं कोण?

सवाल साधा दिसतो, पण त्यात गोम आहे. माणूस जन्मानं नव्हे, कर्मानं ठरतो, हे बुद्धानं सांगितलं. 1956 ला नागपुरात आपण ते स्वीकारलं. मग उमेदवाराची जात बघून 'आपला' म्हणायचं, तर ती मोजपट्टी मनूचीच नाही का? बरं, जात बघूच नये म्हणावं, तर बाबासाहेबांनी प्रतिनिधित्वासाठी आयुष्य का झिजवलं?

उत्तराला लांब जायला नको. मांजरीवरून वाहणारी मुळा-मुठा येरवड्याहून येते. तिथल्या तुरुंगात 24 सप्टेंबर 1932 ला पुणे करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांत राखीव जागा 148 झाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेला. म्हणजे माणूस आपला, निवडणारे दुसरे. बाबासाहेबांची मागणी नुसता आपल्या जातीचा माणूस हवा, एवढी कधीच नव्हती. तो आपल्या मतावर यावा आणि आपल्याला जाब द्यावा, ही मागणी होती. 1952 ला मुंबईत राखीव जागेवर बाबासाहेब हरले. जिंकले काँग्रेसचे नारायण काजरोळकर. तेही दलितच. 2017 चा खेळ नवा नव्हता.

आता दोघांची भाषा तपासू. एक बाजू म्हणाली, गरीब दलित घरातलं पोर कष्टानं वर आलं, सगळ्यांनी मिळून मान द्या. ही समरसतेची भाषा. समरसता मंच 1983 ला पुण्यातच निघाला. या भाषेत सगळे एका घरातले असतात. पण घरात कोण बसलंय आणि कोण उंबऱ्याबाहेर उभं आहे, हे विचारायचं नसतं. दुसऱ्या बाजूनं मीरा कुमार म्हणाल्या, ही विचारांची लढाई आहे; सामाजिक न्याय, वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य, जातिव्यवस्थेचा नाश ही माझी मूल्यं. शब्द चोख. पण त्यांना उभं करणाऱ्या काँग्रेसच्या आघाडीकडं निवडून आणायची ताकद होती 2007 ला आणि 2012 ला. तेव्हा तिला दलित उमेदवार सुचला नाही. हार समोर दिसताना सुचला. निकाल 7,02,044 विरुद्ध 3,67,314.

मग दलित माणूस त्या खुर्चीत बसून उपयोग काय? 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव दलाच्या गोळीबारात 10 माणसं मारली गेली. तीनच दिवसांनी राष्ट्रपतिपदाचं मतदान झालं आणि 25 जुलैला के. आर. नारायणन यांनी शपथ घेतली. देशाचे पहिले दलित राष्ट्रपती. 1 जानेवारी 2018 ला कोरेगाव भीमाच्या वाटेवर दगड पडले, तेव्हाही राष्ट्रपती दलित होते. वरच्या खुर्चीतली जात रस्त्यावरच्या माणसाला वाचवत नाही.

पण म्हणून खुर्ची फुकट, असंही नाही. 74 व्या कलमानं राष्ट्रपतीचे हात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याला बांधलेत. सल्ला फेरविचारासाठी एकदा परत पाठवता येतो, तेवढीच फट. नारायणन यांनी ती वापरली. 1997 ला उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावायची शिफारस परत केली, तेव्हा सरकार संयुक्त आघाडीचं होतं. 1998 ला बिहारची परत केली, तेव्हा वाजपेयींचं. दोन्ही बाजूंनी मतं दिली होती आणि दोन्ही बाजूंची फाईल परत गेली. 2000 च्या जानेवारीत घटना तपासायची भाषा सुरू झाली, तेव्हा त्यांनी उलट विचारलं, की घटना कमी पडली, की आपण घटनेला कमी पडलो?

इथं दोन्ही सवाल सुटतात. दार जन्म बघून बंद केलं होतं, म्हणून ते जन्म बघूनच उघडावं लागतं. हा मनूचा न्याय नव्हे, मनूनं केलेल्या नुकसानीची भरपाई आहे. पण आत गेलेल्या माणसाची मोजपट्टी बदलते. तिथं बुद्धाची लावायची, कर्माची.

तेव्हा पुढची निवडणूक येईल आणि दोन्ही बाजू पुन्हा आपल्या वस्तीकडं बोट दाखवतील, तेव्हा विहारात बैठक लावा. यातलं आपलं कोण, हे विचारत बसू नका. विचारा, याला उभं करणाऱ्यांनी जिंकायच्या वेळी कुणाला उभं केलं होतं? आणि वेळ आली तर हा माणूस त्यांचीच फाईल परत पाठवील का?