वेदना, भय आणि भरवसा



तुमच्या घरात कुणाची तरी कंबर, पाठ किंवा खांद्यापासून मनगटापर्यंतचा हात महिनोन्महिने दुखत असेल. कदाचित ती व्यक्ती तुम्ही स्वतःच असाल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगातील सुमारे ६१.९ कोटी लोक कंबरदुखीने त्रस्त होते. अशा रुग्णाला दोन वाक्ये हमखास ऐकावी लागतात. एक असे की, तपासणीत काही निघाले नाही, तेव्हा हे सारे नाटक आहे. दुसरे असे की, ईमान कमजोर झाले म्हणून हा त्रास मागे लागला. ही दोन्ही वाक्ये रुग्णावर अन्याय करणारी आहेत आणि धर्माच्या शिकवणीशीही ती जुळत नाहीत.

सूरह यूसुफमधील दोन प्रसंग

मन आणि शरीर यांचा निर्माता एकच आहे. त्याने ही दोन्ही एकमेकांशी किती घट्ट जोडली आहेत, हे पाहायचे असेल तर सूरह यूसुफ लक्षपूर्वक वाचा. पुत्रवियोगाच्या दुःखाने ह. याकूब (अलै.) यांचे डोळे पांढरे पडले. घाव काळजाला होता, परिणाम मात्र डोळ्यांवर झाला. पुढे पुत्राचा सदरा चेहऱ्यावर टाकताच अल्लाहच्या कृपेने त्यांची दृष्टी परत आली.

याच सूरहमध्ये दुसरा प्रसंग आहे. ह. यूसुफ (अलै.) समोर येताच शहरातील स्त्रिया इतक्या चकित झाल्या की, हातातील सुऱ्यांनी त्यांनी स्वतःचेच हात कापून घेतले. त्या क्षणी त्यांना वेदनेचे भान उरले नव्हते, असे भाष्यकार सांगतात. म्हणजे एके ठिकाणी जखम नसताना शरीर पीडित झाले, तर दुसऱ्या ठिकाणी जखम असूनही वेदना जाणवली नाही.

ह. याकूब (अलै.) हे अल्लाहचे प्रेषित होते. त्यांचे शरीर दुःखाने खंगू शकते, तर दुखणाऱ्या माणसाच्या ईमानावर बोट ठेवण्याचा अधिकार तुम्हाआम्हाला कुणी दिला?

वैद्यकशास्त्र काय सांगते?

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र दीर्घकालीन वेदना म्हणते. वस्तीत एकदा चोरी झाली की, घाबरलेला राखणदार पुढे पानाच्या सळसळीनेही आरडाओरडा करू लागतो. आपली मज्जासंस्थाही कधीकधी अशीच वागते. मूळ इजा भरून येते, तरी मेंदू धोक्याचा इशारा देतच राहतो. वेदना खरीच असते, पण त्या जागी नवे नुकसान होत असतेच असे नाही. मग माणूस वाकायला भितो, हात वर करायला भितो. न वापरलेले स्नायू आखडतात व दुबळे होतात. त्यामुळे दुखणे वाढते आणि दुखण्याने भय वाढते. कर्जाची चिंता, मुलीच्या लग्नाची काळजी, मनात दाबलेला राग, अपुरी झोप, हे सर्व या चक्राला गती देतात.

एम.आर.आय.च्या अहवालात मणक्याची गादी सरकली किंवा फुगली, असे वाचून अनेकांचे अवसान गळते. पण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, ज्यांना कसलीही पाठदुखी नव्हती अशा वीस वर्षांच्या तरुणांपैकीही सुमारे ३० टक्क्यांमध्ये फुगलेली गादी आढळली होती. तेव्हा केवळ अहवालातील एका शब्दाने स्वतःला अपंग समजू नका.

अमेरिकेतील कोलोरॅडो येथे दीर्घकाळ पाठदुखी असलेल्या १५१ जणांवर झालेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यातील एका गटाला वेदनेकडे निर्भयपणे पाहण्याचे शिक्षण चार आठवडे देण्यात आले. त्या गटातील ६६ टक्के लोक वेदनामुक्त किंवा जवळजवळ वेदनामुक्त झाले. नेहमीचेच उपचार चालू ठेवणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्के होते. हा एकच अभ्यास आहे आणि प्रत्येकाची वेदना सारखी नसते. तरीही भय कमी झाले की वेदना कमी होऊ शकते, ही बाब आशादायक आहे.

प्रेषितांचे मार्गदर्शन

ह. उस्मान बिन अबुल आस (रजि.) यांनी आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आपल्या शरीरातील वेदनेची तक्रार केली. प्रेषितांनी (स.) त्यांना दुखऱ्या जागेवर हात ठेवून तीन वेळा अल्लाहचे नाव घेण्यास आणि त्या वेदनेपासून सात वेळा अल्लाहचा आश्रय मागण्यास शिकविले. त्यांनी वेदना नाकारली नाही, तक्रारकर्त्याला दूषणही दिले नाही. ज्या जागेपासून माणूस मनाने दूर पळतो, तिथेच हात ठेवून त्याने शक्तिमान अल्लाहचे स्मरण करावे, हा किती सुंदर उपदेश आहे! त्याचबरोबर औषधोपचार करा, अशी आज्ञाही प्रेषितांनी (स.) दिली आहे. म्हणून दुआ करणाऱ्याने डॉक्टरकडे पाठ फिरवू नये आणि मानसोपचार घेणे हा ईमानाचा कमीपणाही समजू नये.

ह. इमरान बिन हुसैन (रजि.) आजारी होते. उभे राहून नमाज अदा करा, ते शक्य नसेल तर बसून आणि तेही शक्य नसेल तर कुशीवर पडून, असे त्यांना सांगण्यात आले. तेव्हा मस्जिदीत खुर्चीवर बसणाऱ्या आजारी बांधवाकडे संशयाने पाहू नका. आणि जे खुर्चीवर बसतात त्यांनीही एक विचार करावा. डॉक्टरांनी वाकणे सुरक्षित असल्याचे सांगितले असेल आणि केवळ भय अडवीत असेल, तर हळूहळू रुकू आणि सजद्याकडे परत या. अल्लाहने ह. अय्यूब (अलै.) यांना रोगमुक्त करताना आधी जमिनीवर पाय मारण्यास सांगितले आणि मग थंड पाण्याचा झरा दिला. तो सर्वशक्तिमान आहे; तरी आजारी दासाकडून त्याने एक छोटीशी हालचाल मागितली. तुम्हीही आज दहा पावले चाला, उद्या बारा.

मनातले ओझे कुठे उतरवावे, हेही ह. याकूब (अलै.) शिकवितात. त्यांनी आपले दुःख अल्लाहपुढे मांडले आणि त्याच वेळी निराश न होता मुलांना शोधासाठी पाठविले. प्रार्थना आणि प्रयत्न त्यांनी वेगळे केले नाहीत. आदरणीय प्रेषितही (स.) चिंता आणि दुःखापासून अल्लाहचा आश्रय मागत असत.

कुटुंबाची जबाबदारी

घरातील स्त्री हात दुखतो म्हणाली की, तिला कामचुकार ठरविले जाते. पवित्र कुरआनने सूरह हुजुरातमध्ये वाईट संशयापासून दूर राहण्यास बजावले आहे. स्वतः प्रेषित (स.) घरकामात हातभार लावीत असत. पाण्याची घागर उचलून देणे, पीठ मळून देणे, तिचे म्हणणे शांतपणे ऐकणे, हे सुन्नतचेच पालन होय. तुमच्या एका टोमण्याने तिचे भय वाढते, हे लक्षात ठेवा.

सावधगिरी

वेदनेचे मूळ भयात आहे की रोगात, हे स्वतः ठरवू नका. प्रथम वैद्यकीय तपासणी करून घ्या. हातापायातील शक्ती कमी होणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, जांघेत बधिरता येणे, ताप येणे, कारण नसताना वजन घटणे किंवा पडल्यानंतर दुखू लागणे, अशी लक्षणे असतील तर विलंब करू नका. हातदुखीसोबत छातीत दडपण, दम लागणे वा घाम असेल, तर तत्काळ इस्पितळ गाठा. चालू औषधे आपल्या मनाने बंद करू नका.

शरीर ही अल्लाहची ठेव आहे आणि त्या शरीराचाही आपल्यावर हक्क आहे. अल्लाह सर्व आजारी बंधू-भगिनींना आरोग्य देवो, त्यांच्या मनातील भय दूर करो आणि त्यांच्या घरच्यांना दयाळू बनवो. आमीन.