भेट द्यावी, भेट घ्यावी

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण अभियंता काही वर्षांपूर्वी कंपनीच्या कामानिमित्त बार्सिलोनाला गेला होता. तेथे असताना २३ एप्रिल उजाडला. सकाळी कामावर जाताना त्याला रस्तोरस्ती गुलाबांच्या टोपल्या आणि पुस्तकांनी भरलेली मेजे दिसली. संध्याकाळी घरी परतणाऱ्या कित्येकांच्या हाती फूल किंवा पुस्तक होते. विशेष म्हणजे त्या दिवशी तेथे सार्वजनिक सुट्टी नसते. कामाच्या दिवसातूनच वेळ काढून लोक सण साजरा करतात. पिंपरी-चिंचवडच्या तीन पाळ्यांच्या घड्याळावर वाढलेल्या त्या मुलाला याचेच अप्रूप वाटले.

हा सण संत जॉर्ज यांचा. आपल्या परिसरातील केरळी कुटुंबे ज्यांना गीवर्गीस म्हणून आळवतात, तेच कॅटलोनियाचे आश्रयदाते ‘सांत जॉर्दी’. त्यांनी अजगरासारख्या राक्षसाचा वध केला, त्याच्या रक्तातून गुलाब उमलला आणि तो त्यांनी राजकन्येला अर्पण केला, अशी तेथील आख्यायिका आहे. गुलाब देण्याची प्रथा कित्येक शतकांची. पुस्तक मात्र अलीकडे आले. व्हिसेंत क्लावेल या प्रकाशकाच्या कल्पनेतून १९२६ साली स्पेनमध्ये पुस्तकदिन सुरू झाला आणि १९३० पासून तो २३ एप्रिलला साजरा होऊ लागला. पुढे १९९५ साली युनेस्कोने हाच दिवस जागतिक पुस्तकदिन म्हणून घोषित केला.

गुलाब तर आपल्या अंगणातलाच. तळेगाव दाभाडे आणि मावळातील पॉलिहाऊसमधून १४ फेब्रुवारीसाठी तो परदेशी रवाना होतो. तो वेळेवर उमलावा म्हणून डिसेंबरमध्येच झाडांची तयारी केली जाते. पुस्तकांनाही ही उद्योगनगरी परकी नाही. जानेवारी २०१६ मध्ये ८९ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पिंपरीतच भरले होते. तेव्हा आम्ही ठरविले, की २३ एप्रिलच्या जवळच्या रविवारी मिस्सानंतर आपणही एकमेकांस गुलाब आणि पुस्तक द्यावे.

एका ज्येष्ठ सद्गृहस्थांनी आक्षेप घेतला. दोन दिवसांत कोमेजणाऱ्या फुलांवर पैसा खर्चण्याऐवजी तो गरजूंना का देऊ नये? प्रश्न रास्त होता आणि जुनाही. बेथानी येथे मरियेने प्रभू येशूच्या चरणांना मौल्यवान सुगंधी तेल लावले, तेव्हा असाच प्रश्न विचारला गेला होता. आम्ही तोच प्रसंग उत्तरादाखल सांगितला. प्रभूने मरियेची बाजू घेतली होती. आमचा निर्णय पक्का झाला आणि खरे सांगायचे तर आम्ही स्वतःवर खूषही झालो.

त्या रविवारी पॉलिहाऊसमध्ये तोडणीचे काम करणारी एक भगिनी पुढे आली. हाती दिलेल्या गुलाबाचा दांडा तिने सवयीने वितीने मोजला. “साठ सेंटिमीटरचा आहे. पाणी बदलत राहिलात तर आठवडाभर जाईल,” ती हसून म्हणाली. मग तिने पुस्तक उलटसुलट पाहिले आणि हळूच परत केले. “हे वाचणाऱ्याला द्या. मला अक्षर येत नाही.”

गेली कित्येक वर्षे ती आमच्या मागच्याच बाकावर बसत होती. तिने आमच्या फुलाची लांबी एका क्षणात ओळखली. आम्हाला मात्र तिच्याविषयी एवढेही ठाऊक नव्हते.

त्या दिवसापासून एक प्रश्न आमचा पाठलाग करीत आहे. दान आणि भेट यांत भेद कोणता? दान अनोळखी माणसालाही करता येते. किंबहुना ते गुप्त असावे, अशीच प्रभूची शिकवण आहे. भेटीचे तसे नाही. आपल्या मराठीने ‘भेट’ हा एकच शब्द देण्याच्या वस्तूसाठी आणि दोन माणसांच्या भेटण्यासाठी योजला आहे. भेटल्यावाचून दिलेली भेट म्हणजे निव्वळ वस्तूची ने-आण होय. मरियेचा प्रसंगही आम्ही अर्धाच वाचला होता. तेल ओतण्यापूर्वीची मरिया संत लूकच्या शुभवर्तमानात भेटते. तेथे ती प्रभूच्या चरणांशी बसून ऐकत आहे. आधी तिने वेळ दिला, तेल नंतर आले.

२३ एप्रिलशी सर्व्हान्टिस आणि शेक्सपिअर यांची स्मृती जोडली जाते. दोघेही १६१६ साली निवर्तले. त्याच वर्षी गोव्यातील रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. ते ज्यांच्यासाठी रचले, त्यांच्यापैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. कोणीतरी मोठ्याने वाचावे आणि इतरांनी ऐकावे, या पुराणाच्या रीतीनेच ते त्यांच्यापर्यंत पोहोचले. म्हणजे आपल्याकडे पुस्तक देण्याची जुनी रीत ते वाचून दाखविण्याचीच होती. ती आम्ही विसरलो होतो.

आता आमच्यातील एक महाविद्यालयीन कन्या रविवारी दुपारी तासभर त्या भगिनीकडे जाते आणि तेच परत केलेले पुस्तक वाचून दाखविते. मध्येच ती भगिनी तिला थांबवून शेतीची, फुलांची एखादी चूक दाखवून देते, असे कळते. देणारी कोण आणि घेणारी कोण, हे त्या तासात सांगता येत नाही.

ज्या पट्ट्यात माणसाचा वेळ पाळीपाळीने विकला जातो, तेथे विनामोल दिलेला एक तास सर्वांत महाग असतो. येत्या २३ एप्रिलला गुलाब अवश्य घ्यावा, पुस्तकही घ्यावे. मात्र त्याआधी, ज्याला द्यायचे त्याच्याजवळ थोडे बसावे.