श्रम फुकट जातात का?

गणेशोत्सव आला की पृथ्वीप्रदक्षिणेची गोष्ट घरोघरी सांगितली जाते. कार्तिकेय मोरावर बसून सारे जग फिरून आला, आणि गणपतीने आईवडिलांना प्रदक्षिणा घालून पैज जिंकली. त्यावर एखादे चौकस मूल विचारतेच, “मग कार्तिकेयाचे सगळे श्रम फुकट गेले का?”

प्रश्न मुलाचा असला तरी उत्तर मोठ्यांनाही सोपे नाही. आपल्या बाड हॉम्बुर्गची सारी कीर्ती आरोग्यावर उभी आहे. झऱ्याचे पाणी प्यावे, कुरपार्कात फिरावे आणि बरे होऊन घरी जावे, यासाठी लोक इथे दूरदूरहून येत असत. आपणही आरोग्याकडे बँकेतल्या ठेवीसारखेच पाहतो. आज पथ्य पाळले, व्यायाम केला, तर उद्या व्याज मिळणारच! पण ठेवच बुडाली तर?

याच देशातल्या एका गावच्या डॉक्टरांची हकिकत या संदर्भात आठवण्यासारखी आहे. डॉ. एर्न्स्ट फान आकेन (जन्म १९१०) हे हॉलंडच्या सीमेजवळच्या वाल्डनील गावी रुग्ण तपासत आणि स्वतः नित्यनेमाने धावत. दमछाक होईपर्यंत पळू नका, सावकाश पण लांब पळा, शेजारच्याशी बोलता येईल इतकाच वेग ठेवा, असे ते सांगत. त्यांचे शिष्य हाराल्ड नोर्पोट यांनी १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये पाच हजार मीटर शर्यतीत रौप्यपदक मिळवले.

त्यांचे दुसरे म्हणणे मात्र त्या काळी पुष्कळांना पटत नसे. लांब पल्ल्याच्या धावण्यासाठी स्त्रीचे शरीर उत्तम आहे, असे ते म्हणत. १९२८ नंतर ऑलिंपिकमधून स्त्रियांची ८०० मीटर शर्यतसुद्धा काढून टाकली होती. ती परत आली १९६० साली. अशा वातावरणात १९६७ मध्ये वाल्डनीलला आनी पेडे यांनी ३ तास ७ मिनिटांत मॅरेथॉन पूर्ण केली. स्त्रियांमध्ये तोवर इतक्या वेगाने ती कोणी धावल्याची नोंद नव्हती.

आणि १९७२ साली, धावत असतानाच, डॉक्टरांना मोटारीची धडक बसली. दोन्ही पाय कापावे लागले.

घरी बसले असते तर वाचले असते, असे म्हणणारे जगात नेहमीच भेटतात. कोणी प्रारब्ध म्हणेल. पाय गेल्याचे दुःख तत्त्वज्ञानाने कमी होत नाही, हेही खरेच. पण पुढे काय झाले ते पाहा. १९७३ मध्ये वाल्डनीलला फक्त स्त्रियांची मॅरेथॉन भरली. १९७४ च्या सप्टेंबरात तिथेच स्त्रियांची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन झाली आणि ती जर्मनीच्याच लियाने विंटर यांनी जिंकली. या दोन्ही शर्यतींमागे चाकाच्या खुर्चीतले हेच डॉक्टर होते.

स्त्रियांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये प्रथम धावली गेली ती ५ ऑगस्ट १९८४ रोजी, लॉस एंजेलिसला. डॉक्टर त्याच वर्षी २ एप्रिलला वारले होते.

निष्काम कर्म म्हणजे फळाची इच्छाच नसणे, असा अर्थ आपण पुष्कळदा करतो. या डॉक्टरांना फळ हवेच होते, अगदी मनापासून हवे होते. मात्र ‘फळ मिळाले तरच करीन’ अशी अट त्यांनी घातली नाही. माझ्या मते निष्कामतेचा खरा अर्थ हा आहे. त्यांचे धावणे केवळ पायांत असते तर ते १९७२ मध्येच संपले असते. रोजच्या नेमाने त्यांना जो धीर आणि जी दृष्टी दिली, ती मोटारीला नेता आली नाही.

परदेशात मुले वाढवताना आपण फार लवकर विचारतो, “याचा उपयोग काय?” शनिवारची मराठी शाळा असो, तबला असो की पोहणे. उपयोग जरूर पाहावा, पण सगळा हिशेब तिथेच मिटवू नये. नेमाने केलेल्या गोष्टीतून माणूस घडतो, आणि त्याचे फळ कधी कधी दुसऱ्याच्याच ओंजळीत पडते.

तेव्हा यंदा मुलाने कार्तिकेयाबद्दल विचारले तर सांगावे, “बाळा, पैज गणपतीने जिंकली हे खरे, पण सारी पृथ्वी डोळ्यांनी पाहिली ती कार्तिकेयाने. त्याचे श्रम फुकट कसे जातील?”

गणपती बाप्पा मोरया!