नाव न सांगणारा अतिथी

इंग्रजांनी म्हैसूरचा कारभार वडियार घराण्याच्या हाती परत सोपविल्याला उणीपुरी अकरा वर्षे झाली होती आणि बंगळूरच्या पेठेशेजारची लष्करी छावणी मात्र अजून रेसिडेंटाच्या अंमलाखाली अलग होती, अशा काळात, १८९२ च्या अखेरीस, एक तरुण बंगाली संन्यासी त्या शहरात येऊन दाखल झाला. काही दिवस तो कोणाच्या विशेष नजरेत भरला नाही. पुढे दिवाण के. शेषाद्री अय्यर यांची गाठ पडली, त्यांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले आणि महाराज चामराजेंद्र यांच्यापर्यंत त्याची वर्दी पोचविली. निघताना दिवाणांनी नोटांचे पुडके पुढे केले, तर त्याने कोचीनचे तिकीट तेवढे घेतले.

त्याच प्रवासात, पुण्यास, टिळकांच्या घरी तो आठ-दहा दिवस राहिला होता; नाव विचारता आपण संन्यासी आहोत एवढेच त्याने सांगितले. बेळगावात भाटे वकिलांच्या घरी त्याने जेवणानंतर विडा मागितला आणि विड्याबरोबर तंबाखूही, तेव्हा त्या सोवळ्या घराचे काय झाले असेल ते वाचकांनीच ताडावे. पुढल्या वर्षी शिकागोची वार्ता आली आणि आपल्याकडे विवेकानंद राहून गेले हे या मंडळींना उमगले.

अशा कथा आपण नेहमी शेवटाकडून सांगतो. पाहुणा थोर निघाला म्हणून यजमानाचे औदार्यही थोर ठरते, आणि ज्याच्या ओसरीवर एखादा खरोखरच सामान्य वाटसरू निजून गेला त्या गृहस्थाचे नाव कोणी चरित्रात लिहीत नाही. वास्तविक अतिथीला देव मानण्याची आज्ञा तैत्तिरीय उपनिषदाने केली, तेव्हा आधी त्याची परीक्षा घ्यावी अशी अट तीत घातलेली नाही. पाहुणा उद्या लबाड निघाला तरी आज वाढलेल्या पानाचे पुण्य उणे होऊ नये, असेच मला वाटते. परंतु येथे दुसरी अडचण उभी राहते. दिवाणांचे दार उघडले ते त्या संन्याशाचे अस्खलित इंग्रजी आणि वेदान्तावरील प्रभुत्व पाहून. एखाद्या निरक्षर गोसाव्यासाठी ते तसेच उघडले असते काय? दिवाण भला माणूस होता, त्याची बदनामी करण्याचे कारण नाही. झडती घ्यायची ती आपली स्वतःची.

आणि ती घेण्यास लागणारा साक्षीदार त्याच बंगळुरात हजर होता. डॉ. पद्मनाभन पल्पू यांची व या संन्याशाची तेथे भेट झाली. पल्पूंच्या बाबतीत गूढ असे काहीच नव्हते: जन्म त्रावणकोरातला, सनद मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयाची, नाव-गाव सारे सरकारदप्तरी नोंदलेले. तरीही ते एझवा जातीचे, एवढ्याच कारणास्तव त्रावणकोर सरकारने त्यांना नोकरी नाकारली आणि या डॉक्टराला परमुलखात, म्हैसूरकरांची चाकरी धरावी लागली. संन्यास घेणारा कुळ, गोत्र, नाव टाकून येतो, म्हणून त्याला ते विचारणे आपण अशिष्ट समजतो. पल्पूंना विचारण्याची गरजच नव्हती, सर्वांना ठाऊकच होते. अनोळखी माणसाला आपण देत असलेल्या मानात पुष्कळसा वाटा आपल्या अज्ञानाचा असतो, असे म्हणणे कठोर वाटेल, पण या दोन माणसांना शेजारी उभे केल्यावर दुसरा निष्कर्ष मला काढता येत नाही.

लोकांना जागे करायचे तर धर्माच्या भाषेत करा आणि एखाद्या सत्पुरुषाला पुढे घेऊन चला, असा सल्ला त्या संन्याशाने पल्पूंना दिला. १८९६ मध्ये तेरा हजारांहून अधिक एझवांच्या सह्यांचा अर्ज पल्पूंच्या पुढाकाराने त्रावणकोर दरबारी दाखल झाला. दरबाराने दाद दिली नाही. १९०३ साली नारायण गुरूंच्या अध्यक्षतेखाली श्री नारायण धर्म परिपालन योगम् ही संस्था उभी राहिली आणि तिच्या संस्थापकांत पल्पू होते. त्रावणकोरची नोकरी त्यांना त्यानंतरही मिळाली नाही.