बाकावरची डोकी मोजून संघ कळत नाही

उभा राहा. हा अहवाल तूच लिहिलास ना? चार पानं, रंगीत तक्ते आणि शेवटी एका ओळीत निकाल: केंटकीची राखीव फळी भक्कम, ड्यूकची तोकडी. 2014-15 च्या मोसमातल्या या दोन अमेरिकन कॉलेज बास्केटबॉल संघांच्या बाकावर किती दम होता, ते जोखायला मी सांगितलं होतं. तू डोकी मोजलीस. केंटकीकडे दहा, ड्यूककडे आठ, म्हणून केंटकी सरस. याला मूल्यमापन म्हणायचं?

आणि ड्यूकच्या ग्रेसन ॲलनला तू एका ओळीत मोडीत काढलंस. सरासरी 4.4 गुण, बस्स. तो सामन्यामागे जेमतेम नऊ मिनिटं खेळत होता, हा आकडा त्याच तक्त्यात शेजारच्या रकान्यात आहे. चाळीस मिनिटांच्या हिशेबानं ते वीसच्या आसपास जातात. हा भागाकार करायला काय झालं होतं? 6 एप्रिल 2015, इंडियानापोलिस, विस्कॉन्सिनविरुद्धचा राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना. दुसऱ्या सत्रात ड्यूक नऊ गुणांनी मागे, पहिल्या पाचांतले ओकाफोर आणि विन्स्लो फाउलांच्या कचाट्यात, आणि बाकावरून आलेल्या या पोरानं सामन्यात 16 गुण काढले. ड्यूक 68-63 नं जिंकला.

पण आता उलट टोकाला जाऊन प्रत्येकाचा चाळीस मिनिटांचा हिशेब मांडत बसू नकोस. मोसमाच्या सुरुवातीला दुबळ्या संघांवर तीस गुणांची आघाडी असताना राखीव खेळाडू भरपूर गुण करतात. ते गुण कोणाविरुद्ध झाले, तेव्हा फलक काय होता, हे पाहिल्याशिवाय त्यांना किंमत देऊ नये. अटीतटीचे सामने वेगळे काढ. तुझ्या अहवालात असा एकही सामना वेगळा काढलेला नाही.

दुसरं. राखीव खेळाडू कशासाठी लागतात, तर दमलेल्यांना विश्रांती देण्यासाठी, असं तू लिहिलंस. कॉलेजचा सामना कधी पूर्ण पाहिलास का? वीस मिनिटांच्या सत्रात सोळा, बारा, आठ आणि चार मिनिटं उरली की पुढच्या थांब्याला टीव्हीसाठी विश्रांती मिळते. प्रशिक्षकांचे टाइमआउट वेगळेच. पहिल्या पाचांना तिथं दम खाता येतो. थकवा खरा जाणवतो तो लागोपाठच्या दिवसांत. 2011 मध्ये कनेटिकटनं बिग ईस्ट स्पर्धेत पाच दिवसांत पाच सामने जिंकले, तसा प्रसंग असेल तर थकव्याबद्दल जरूर लिही. एरवी कॉलेजात संघाला बाकाकडे वळायला लावतो तो फाउल. इथं पाचव्या फाउलला खेळाडू बाद होतो, आणि पहिल्या सत्रात दोन झाले की बरेच प्रशिक्षक त्याला सत्र संपेपर्यंत बसवून ठेवतात. सेंटरला आठव्या मिनिटाला दुसरा फाउल मिळाला, तर उरलेली बारा मिनिटं रिंगखाली कोण उभा राहणार? सगळं मूल्यमापन या प्रश्नाभोवती फिरतं, आणि तुझ्या चार पानांत तो प्रश्नच नाही.

केंटकीबद्दल तर तू चुकीचंच लिहिलंस. पाच-पाचांच्या दोन तुकड्या आलटून पालटून उतरवण्याची प्रशिक्षक कॅलिपारींची पद्धत मोसमभर चालली नाही. डिसेंबर 2014 मध्ये त्यांच्या पॉयथ्रेस या खेळाडूचा गुडघा गेला आणि ती घडी मोडली. डेव्हिन बुकर त्या मोसमात एकदाही पहिल्या पाचांत उतरला नाही, तरी त्याच वर्षी एनबीएच्या निवडीत तेराव्या क्रमांकावर गेला. बाकावर बसतो तो दुय्यम, हे तुझं गृहीतक इथंच कोसळतं. सलग 38 विजयांनंतर उपांत्य फेरीत विस्कॉन्सिननं त्यांना 71-64 नं हरवलं. अखेरच्या टप्प्यात केंटकीचा शॉट क्लॉक लागोपाठ तीनदा संपला. दहा चांगले असले तरी मैदानावर पाचच असतात, आणि त्या घटकेला कोणते पाच, हे ठरवावंच लागतं.

व्हिलानोव्हाचा 2018 चा अंतिम सामनाही बघ. वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला त्यांचा ब्रन्सन 9 गुणांवर थांबला आणि बाकावरून आलेल्या डिव्हिन्चेन्झोनं 31 केले.

एक गोष्ट मात्र मी अजिबात खपवून घेणार नाही. बाकाच्या टोकाला बसणाऱ्या पोरांना तू ‘भरतीचे’ म्हटलंस. सरावात पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या चाली कोण करून दाखवतं? हीच पोरं. त्यांच्यावर घासून पहिले पाच तयार होतात. मैदानात त्यांना मिनिट मिळो न मिळो, त्यांच्याबद्दल लिहिताना शब्द जपून वापरायचा.

घे हा कागद परत. दोन्ही संघांच्या पहिल्या पाचांतल्या प्रत्येकाला पहिल्या सत्रात दोन फाउल झालेत असं धर. त्याच्या जागी कोण येतो, तो कोणाला अडवतो, रिबाउंड कोण घेतो, चेंडू कोण पुढे आणतो, एवढं लिहून आण. उद्या सकाळी दहाच्या आत. तक्ते नकोत.