'लेट गो' म्हणजे नेमकं काय केलं?

गेल्या महिन्यात आमच्या टीममधल्या एकाची नोकरी गेली. मेलमध्ये लिहिलं होतं, त्याला 'लेट गो' केलंय. म्हणजे धरलेला हात सोडून दिला. जणू त्यालाच निघायची घाई होती आणि कंपनीने फक्त अडवलं नाही. मी ग्रुपवर 'ऑल द बेस्ट' टाकलं आणि पुन्हा कोड लिहायला बसलो.

रात्री डिलाईल रोडला घरी आलो. रस्त्याचं कागदोपत्री नाव ना. म. जोशी मार्ग. 1920 साली 'आयटक' ही कामगार संघटना उभी करणाऱ्यांपैकी ते एक. डोक्यात तो मेल होताच. शब्दांची मुळं शोधायची मला खोड आहे, म्हणून 'स्ट्राइक' शोधला.

1768 मध्ये लंडनच्या बंदरात खलाशांनी मजुरीसाठी जहाजांची शिडं उतरवली. शीड उतरवण्याला इंग्रजीत 'स्ट्राइक' म्हणतात, तोच शब्द पुढे काम बंद करण्याला चिकटला. 'हरताळ'मध्ये हाट आणि टाळं आहे, म्हणजे कुलूप लावलेला बाजार. आणि आपला 'संप'? गुजरातीत आजही संप म्हणजे एकोपा. एका शब्दात थांबलेलं जहाज, दुसऱ्यात बंद दुकान आणि आपल्या शब्दात एकत्र आलेली माणसं!

मी उत्साहाने आजोबांना हे सांगितलं. ते गिरणीत साच्यावर होते. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, त्यांत तेही होते.

"एकोपा होता, खरंय," ते म्हणाले. "पण सगळे खुशीनं नव्हते बसले. शेजारच्या खोलीतल्याला कामावर जायचं होतं. पोरं उपाशी होती त्याची. आमच्या भीतीनं गेला नाही. संप म्हणजे काय, ते त्याला विचारायला हवं होतं."

मग मूळ शोधून काय मिळतं? इंग्रजीतला 'नाइस' हा शब्द लॅटिनमधल्या 'अडाणी' अशा अर्थाच्या शब्दावरून आलाय. म्हणून कोणी नाइस म्हटलं तर आपण चिडत नाही. मूळ म्हणजे अर्थ नव्हे, हे मला पटतं. पण आपण वापरतो त्या शब्दाआड कोण लपतंय, हे तरी बघता येतं. 'लेट गो'आड काढणारा लपतो. 'संप'आड आजोबांचा शेजारी लपला होता. आजोबांनी त्याला बाहेर काढलं, स्वतःची बाजू थोडी उणी करून. माझ्या 'ऑल द बेस्ट'आड मी होतो.

शब्द बदलून कोणाची नोकरी परत येत नाही. तरी झोपण्याआधी त्याला मेसेज केला, "तुला काढलं. मीटिंगमध्ये मी कारण विचारायला हवं होतं. घाबरलो, गप्प बसलो."

निळ्या टिका लगेच आल्या. उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं, "माहितीये. शनिवारी भेट."